चौऱ्याहत्तर वर्षांनी पहिल्या श्रेणीत, आणि गोल थ्रो-इनवर

पश्चिम लंडनमध्ये क्यू ब्रिज स्टेशनातून बाहेर आलं की समोरच ब्रेंटफर्ड या फुटबॉल क्लबचं मैदान. १७,२५० खुर्च्या, त्याही मुद्दाम वेगवेगळ्या रंगांच्या. मोकळ्या राहिल्या तरी लांबून स्टँड भरल्यासारखा वाटतो. १३ ऑगस्ट २०२१ च्या शुक्रवारी त्या युक्तीची गरजच पडली नाही. १९४६-४७ नंतर क्लब प्रथमच इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे आताच्या प्रीमियर लीगमध्ये, खेळत होता. हंगामाचा पहिलाच सामना, समोर आर्सेनल. सुरुवात रात्री आठला, म्हणजे आपल्याकडे साडेबाराला.

२२ व्या मिनिटाला सर्जी कानोस डावीकडून आत वळला आणि गोलच्या जवळच्या खांबाशी फटका मारून मोकळा झाला. सुंदर गोल. पण ब्रेंटफर्ड कळायचं असेल तर ७३ व्या मिनिटाचा दुसरा गोल पाहावा.

तो आला थ्रो-इनवरून, म्हणजे चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेल्यावर हातांनी आत फेकतात त्यावरून. थ्रो ब्रेंटफर्डच्या मॅड्स बेक सोरेन्सनचा. मैदान ६८ मीटर रुंद, त्यामुळे कोपऱ्याजवळून फेकलं तरी गोलसमोरच्या लहान चौकोनापर्यंत सुमारे २५ मीटर आणि जवळच्या खांबापर्यंत ३० मीटर अंतर पडतं. चेंडू दोन्ही हातांनी, डोक्यामागून, डोक्यावरून यायला हवा. दोन्ही पायांचा काही भाग रेषेवर किंवा बाहेर जमिनीला टेकलेला हवा. जोर काढताना मागचा पाय हमखास उचलला जातो आणि थ्रो प्रतिस्पर्ध्याला मिळतो. फेक फार उंच गेली तर गोलरक्षकाला पुढे येऊन चेंडू पकडायला वेळ सापडतो, म्हणून ती सपाट लागते. शिवाय थ्रो-इनवर ऑफसाइड (बचावपटूंच्या पुढे उभं राहून चेंडू घेण्याची चूक) नसतो, त्यामुळे माणसं थेट गोलरक्षकाच्या अंगाला अंग लावून उभी करता येतात. धोका एकच: उंच बचावपटूही पुढे गेलेले असतात, चेंडू निसटला की मागे धावायला माणसं कमी.

त्या रात्री गर्दीत कुणीच चेंडू नीट बाहेर काढला नाही. गोलसमोर टप्पा पडला आणि क्रिस्टियन नॉरगार्डने अगदी जवळून डोकं लावलं. २-०. बचावाची चूक नेमकी इथेच होते: सगळ्यांची नजर फेकणाऱ्यावर आणि पहिल्या उडीवर, टप्प्यानंतरच्या चेंडूकडे कुणीच नाही.

‘हे कसलं फुटबॉल’ म्हणत नाक मुरडणारे तेव्हाही होते. मुरडोत बापडे, गोल मोजताना तो कसा झाला हे कुणी विचारत नाही.

मैदान पाहायला जाणार असाल तर हीथ्रोहून पिकॅडिली लाइनने साउथ ईलिंगला उतरून चालत जाता येतं. बिअरचा ग्लास मात्र जागेवर नेता येत नाही. पुरुषांच्या वरच्या श्रेणींतल्या फुटबॉल सामन्यांवेळी मैदान दिसेल अशा ठिकाणी दारू प्यायला इंग्लंडमध्ये कायद्याने बंदी आहे.

आणि हो, आर्सेनलने सेट-पीससाठी (कॉर्नर, फ्री किक, थ्रो-इन अशा थांबलेल्या चेंडूवरच्या चालींसाठी) त्याच उन्हाळ्यात नेमलेले प्रशिक्षक निकोला जोव्हेर. मँचेस्टर सिटीत जाण्याआधी, २०१९ पर्यंत, ते हेच काम ब्रेंटफर्डमध्ये करत होते.