या उन्हाळ्यातले (२०१६) दोन चित्रपट

एप्रिलमध्ये मुलांसोबत ‘द जंगल बुक’ हिंदीतून पाहिला. नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान जबरदस्त वाटला, आणि ते अख्खे जंगल लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत उभे केले आहे, यावर अजूनही विश्वास बसत नाही.

आज मात्र ‘सैराट’ पाहिला. अजय-अतुल यांच्या संगीताने भारलेल्या चित्रपटाचा शेवट नि:शब्द ठेवायला मोठे धैर्य लागते. बुलेट आणि ट्रॅक्टर रुबाबात चालवणारी आर्ची हैदराबादच्या झोपडपट्टीतल्या कोंदट खोलीत कोलमडते, तेव्हा पळून जाण्यातली सगळी धुंदी उतरते; अनेकांना हा उत्तरार्ध लांबलेला वाटत असला, तरी माझ्या मते नागराज मंजुळे यांनी चित्रपटाचा जीव तिथेच ओतला आहे. पुढच्या रविवारी आईला घेऊन पुन्हा जाणार आहे.