तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री बेल वाजवली की किती मिनिटांनी येतात?

गेल्या दोन वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हा आहे: "तुमचे बाबा असतात ना तिकडे वृद्धाश्रमात, कसं आहे हो? आम्हीपण आईसाठी बघून राहिलो, काय काय बघायचं?" नागपुरात गोकुळपेठेच्या बाजारात वांगी निवडता निवडता विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, अन् विचारताना आवाज असा खाली येतो जसं काही मी बाबांना कुठे लपवून ठेवलंय. म्हणून एकदाच नीट लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करीन.

आधी माझं काय चुकलं ते सांगते. बाबांना पार्किन्सन्स, आई गेलेली, भाऊ पुण्याला, माझी नोकरी, अन् घरी ठेवलेले दोन अटेंडंट दीड महिन्यात सोडून गेले. मग शोधाशोध. वर्धा रोडच्या बाजूला एक जागा पाहिली अन् पाहताक्षणीच आवडली. लॉन, झोपाळा, छोटंसं देऊळ, डायनिंग हॉलमध्ये मोठा टीव्ही, वाढदिवसाला केक कापतानाचे फोटो भिंतीवर. महिन्याचे २२ हजार, डायपर वेगळे. मी रविवारी अकराला गेले होते. रविवारी अकराला कोणताही वृद्धाश्रम चांगलाच दिसतो हो, सगळ्यांच्या आंघोळी झालेल्या असतात, केस विंचरलेले असतात, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत असतो. पुढे सात महिने मी रविवारी अकरालाच जात राहिले.

बाबा अजनीच्या लोको शेडमधून रिटायर झाले. आयुष्यभर इंजिन किती वाजता आलं, किती वाजता गेलं ते लिहिण्यात गेलं, त्यामुळे खिशात एक छोटी डायरी कायम असते, अन् वेळ चोवीस तासांच्या घड्याळात. पार्किन्सन्समध्ये अक्षर बारीक बारीक होत जातं, हे मला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून डायरीत मुंगीच्या पायांसारखं काही दिसलं तरी मी लक्ष दिलं नाही. वाटलं, करमत नसेल, काहीतरी लिहीत बसतात.

मे महिन्यात एकदा ऑफिसच्या कामाने तिकडेच गेले होते तर संध्याकाळी आठला न सांगता आत शिरले. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता, कूलर गरम हवा फेकत होता, अन् बाबा गादीवरच्या प्लॅस्टिकवर अगदी ताठ पडलेले. पाय सरळ करून द्यायला गेले तर टाचेवर रुपयाएवढा लालसर डाग. दाबून पाहिला, पांढरा होत नव्हता. कुशीवर वळवलं तर माकडहाडाजवळ कातडीच गेलेली. तिथला मुलगा म्हणाला, "घामोळ्या आहे जी ताई, गरमीच्या."

घामोळ्या नव्हत्या. दाबल्यावर न फिकटणारी लाली ही बेडसोअरची पहिली पायरी असते, हे मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं. हाडाच्या जागी एकाच बाजूने दाब राहिला की रक्त पोचत नाही, त्यात ओल अन् घाम, मग कातडी जाते. त्यावर उपाय जुनाच आहे: जो स्वतः वळू शकत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, टाचा गादीपासून उचलून ठेवायच्या, कोरडं ठेवायचं.

त्या रात्री घरी येऊन भिंग घेऊन डायरी वाचली. पानामागून पान.

"०१.२० बेल. ०२.०५ आला."
"०३.१० बेल. नो रिस्पॉन्स."
"०४.०० बेल. नो रिस्पॉन्स. ०६.१५ आला. ओलं."

सात महिने. एकदाही बोलले नाहीत. कंट्रोल रूमला कळवायचं सोडून गार्डने नुसतं रजिस्टर भरत बसावं तसं. नंतर विचारलं तर म्हणाले, "तू रविवारी येते, रविवारी काय तक्रार सांगायची."

मी भांडायला गेले तेव्हा कळलं की रात्री ३४ लोकांमागे एकच माणूस, दोन मजले, अन् गेटची राखणही त्याच्याकडेच. मी खूप चिडून गेले होते पण त्या पोराकडे पाहून काही बोलवेना. हिशोब तुम्हीच करून पहा. ३४ पैकी समजा १२ जण अंथरुणावरच आहेत. एकाला वळवायचं, डायपर बघायचा, चादर सारखी करायची, घोटभर पाणी पाजायचं, दहा मिनिटं तर कुठेच गेली नाहीत. बारा दाहे एकशेवीस मिनिटं, म्हणजे बरोबर दोन तास. म्हणजे शेवटचा माणूस झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरू, रात्रभर, न बसता, मध्ये एकही बेल न वाजता. कोणत्या माणसाला जमेल हे? त्यामुळे तो संध्याकाळी सातला सगळ्यांना डायपर लावायचा अन् सकाळी सहाला काढायचा. दुष्टपणा नव्हता तो, गणित होतं, अन् ते गणित लॉन सुंदर ठेवणाऱ्यांनी बसवलेलं होतं.

औषधाचंही तसंच. बाबांची पार्किन्सन्सची गोळी, लेव्होडोपा, दिवसातून चार वेळा आहे, ७, ११, ३ अन् ७, अन् जेवणाच्या निदान अर्धा तास आधी, कारण वरण, दही, अंडं असलं प्रोटीन पोटात असलं तर ती नीट लागत नाही. तिथे गोळ्यांचे राउंड तीनच, तेही नाश्ता-जेवणानंतर. एक तास इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं, असं आपल्याला वाटतं. या आजारात बिघडतं. गोळीचा असर उतरला की माणूस लाकडासारखा होतो, कूस बदलता येत नाही, हातातला चमचा तोंडापर्यंत जात नाही. अन् मग स्टाफ म्हणतो, बाबाजी हट्टी आहेत, जेवत नाहीत. आता धागा बघा, गोळी चुकली म्हणून वळता येईना, वळता येईना म्हणून बेल, बेलला कोणी येईना म्हणून जखम. मला हे सगळं वेगवेगळं दिसायचं, डायरीत ते एकाखाली एक होतं.

जखम भरायला तीन महिने लागले. घरीच, नर्स लावून. त्या दिवसांबद्दल फार नाही लिहीत.

मग दुसरी जागा शोधताना मी संध्याकाळी आठला किंवा पहाटे साडेपाचला जायचे. तीन ठिकाणी आत सोडलं नाही, "व्हिजिटिंग अवर्स नाहीत मॅडम", त्यांना तिथेच नमस्कार. जिथे सोडलं तिथे मी ऑफिसात चहा प्यायच्या आधी एकच विचारायचे, एखाद्या खोलीतली बेल वाजवून बघू का? एका ठिकाणी बेल बंदच होती. एकीकडे बेल वाजली पण ती उशाला नव्हती, दाराजवळच्या स्विचबोर्डवर होती, म्हणजे जो उठून दारापर्यंत जाऊ शकतो त्यानेच मदत मागायची, वा रे वा.

मानेवाड्याकडे एका जुन्या बंगल्यात १६ जण राहतात तिथे वाजवली. चार मिनिटांत एक मावशी आल्या, हात पदराला पुसत, मला पाहून म्हणाल्या, "काहून वाजवली? कोणाला काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, बघत होते. तर रागावल्याच. म्हणाल्या, तिकडे आजीला अर्धं वळवून आली मी. मी तिथेच ठरवलं. त्या मावशी तिथे नऊ वर्षांपासून आहेत, हे मागून कळलं. रात्री दोघं कामावर असतात, एक झोपला तरी दुसरा असतोच.

जागा दिसायला काही खास नाही, हे आधीच सांगते. लॉन नाही, एक कडुनिंब आहे. टीव्ही दिवसभर मोठ्याने चालू असतो. बाबांचा एक स्वेटर अन् दोन जोड मोजे हरवले, कवळी एकदा शेजारच्या काकाजींच्या वाटीत गेली अन् दोघंही दोन दिवस जेवण नीट चावता येत नाही म्हणून स्वयंपाकिणीला बोलत होते. पण पाण्याचा गडू हाताला लागेल असा स्टुलावर असतो, अन् पाणी कोणी मागायची वाट पाहत नाहीत, कारण म्हाताऱ्या माणसाला तहान लवकर कळत नाही, अन् नागपुरात पारा ४५ ला गेल्यावर तर ते धोक्याचंच. गोळीसाठी मावशींच्या मोबाईलवर चार अलार्म आहेत. सातच्या अलार्मला आमच्या नागपूरच्या काळी मारबतच्या मिरवणुकीतला ढोल लावलाय, अख्खा बंगला जागा होतो.

कायद्याचंही विचारतात, तर थोडक्यात. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुख्यतः मुलांकडून पोटगी मिळवून देण्याबद्दल आहे, अन् गरीब वृद्धांसाठी सरकारने जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम काढावा असं त्यात म्हटलंय. पैसे घेऊन चालणाऱ्या जागांत रात्री किती माणसं हवीत, हे त्यात नाही. २०१९ मध्ये दुरुस्तीचं विधेयक आलं होतं, त्यात वृद्धाश्रमांची नोंदणी अन् किमान दर्जा असं सगळं होतं, ते मांडलं गेलं अन् तिथेच राहिलं. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन मात्र आहे, नंबर सेव्ह करून ठेवा, मला तो वेळेवर माहीत नव्हता.

तर कसं आहे म्हणाल तर मी दर पंधरा दिवसांनी बाबांची डायरी मागते. सुरुवातीला "०२.१५ बेल. ०२.१९ आली." असं असायचं. हल्ली रात्रीच्या नोंदी फारशा नसतातच. अक्षर बारीकच आहे, पण भिंग लागत नाही. परवाच्या पानावर एवढंच होतं:

"०५.४० चहा. राइट टाइम. साखर नाही."

मावशींना विचारलं तर म्हणाल्या, दोन चमचे असते जी, अजून किती टाकू?