पद्मिनीचं वायरिंग

चिपळूणला मामांच्या शेडमध्ये उभी असलेली प्रीमियर पद्मिनी जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेली. त्याआधीही ती बरीच वर्षं बंदच होती. मामा अधूनमधून तिच्यावरची धूळ पुसायचे, एवढंच. इंजिन आणि ब्रेकचं काम कराडच्या मेस्त्रींनी केलं. १०८९ सीसीचं साधं इंजिन. कुर्ल्याच्या कारखान्यातून वर्षानुवर्षं तेच बाहेर पडत होतं, त्यामुळे जुन्या मेस्त्रींना ते तोंडपाठ असतं. वायरिंग मात्र मी अंगावर घेतलं.

डॅशबोर्डखाली डोकं घातलं तर कारखान्याची वायर कुठली आणि नंतरची कुठली हेच कळेना. टेपसाठी एक वायर, फॉगलॅम्पसाठी दुसरी (फॉगलॅम्प कधीच गेलेत), हॉर्नसाठी तर घरातल्या वायरिंगची एका जाड तारेची वायर. गाडीच्या हादऱ्याने असली तार आतल्या आत तुटते. गाडीला बारीक तारांचीच वायर हवी. एका फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. मामा म्हणाले, "अगं, त्यावर दहा वर्षं चालली की!" चालली, पण गाडी पेटली नाही हे नशीब. फ्यूज उडाला नाही तर वायर तापते.

मला सगळ्यात जास्त पिडलं ते ब्रेकच्या दिव्याने. ब्रेक दाबला की मागचा दिवा नीट लागायचा नाही, उलट डॅशबोर्डचे आणि पुढचे पार्किंगचे दिवे मिणमिणायचे. इलेक्ट्रिशियन म्हणाले, "ताई, स्विच गेलाय." मला पटेना. ब्रेक आणि पार्किंग मिळून एकच दोन फिलामेंटचा बल्ब असतो आणि त्याचा करंट दिव्याच्या पत्र्यातून बॉडीवाटे बॅटरीकडे परततो. तो पत्रा गंजला की करंटला वाट उरत नाही. मग तो पार्किंगच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि पुढच्या दिव्यांमधून बॉडी गाठतो. ब्रेक दाबून ठेवायला मामांना बसवलं. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी दिव्याच्या पत्र्याला. शून्याच्या आसपास दिसायला हवं होतं, तिथे चार व्होल्टच्या वर! बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून काढला, वेगळी अर्थिंगची वायर टाकली. स्विच जुनाच आहे.

पुराच्या पाण्याने केलेलं नुकसान वरून दिसतच नाही. वायरचं टोक सोललं तर तांबं काळं. अजून बोटभर सोललं तरी काळंच. टोकाशी शिरलेलं पाणी तारांमधल्या फटींतून आत चढत जातं आणि काळ्या तारेवर सोल्डर धरत नाही. म्हणून सगळा हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा, काढून प्लायवूडवर पसरला, खिळे ठोकून त्याची वळणं पक्की केली आणि त्याच मापाने नवा बांधला. रंगही जुनेच ठेवले, म्हणून पुण्याच्या नाना पेठेत बरीच पायपीट झाली. तयार हार्नेस का घेतला नाहीस, असं सगळे विचारतात. मला दाखवलेल्या तयार हार्नेसमध्ये निम्म्या वायरी एकाच रंगाच्या होत्या. पुढच्याने दोष शोधायचा कसा?

मूळ रचनेत एकच बदल केला. हेडलाइटला रिले, म्हणजे थोड्याशा करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, बसवले. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे नऊ अँपिअरच्या वर करंट, तो त्या म्हाताऱ्या स्विचमधून कशाला न्यायचा?

पेट्रोलचा काटा अजून मनाला येईल तसा हलतो. टाकीच्या फ्लोटचं अर्थिंग तपासायचंय, पण त्यासाठी डिकी रिकामी करायला हवी आणि गाडी सुरू झाल्यापासून मामांनी तिच्यात नारळ भरून ठेवलेत.