किल्ली लाडवांच्या डब्यात

समोरच्या विंगमधली एसयूव्ही रात्रीत चोरीला गेली. काच फुटली नाही, सायरन नाही. माझी गाडीही तशीच, पांढरी, बटण-स्टार्टवाली! किल्ली नुसती जवळ असली की उघडते. चोरांपैकी एक जण घराच्या दाराशी यंत्र धरून किल्लीचा सिग्नल पकडतो, दुसरा तो गाडीपर्यंत पोचवतो. गाडीला वाटतं, मालक आला.

म्हणून सिग्नल अडतो का बघायला किल्ली लाडवांच्या स्टीलच्या डब्यात टाकून डबा गाडीपाशी नेला. दार उघडलंच! झाकण सैल. (बायको हसली.) मग सिग्नल अडवणारं पाकीट घेतलं, तेव्हा गाडी ढिम्म. दुसरी किल्लीही त्यातच. क्लेमला विमावाले दोन्ही मागतात.

स्टेअरिंगला पिवळा दांडा लावलाय. मेकॅनिककडून छुपा कट-ऑफ स्विचही बसवला, तो चालू केल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. परवा तोच विसरलो आणि वीस मिनिटं बॅटरीला शिव्या घातल्या.