दुसऱ्या पाळीचं तेल

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका ट्रान्सफॉर्मर कारखान्यात मी क्वालिटीला होते तेव्हाची गोष्ट. ऐन पावसाळ्यात, ट्रान्सफॉर्मरमध्ये भरायच्या फिल्टर केलेल्या तेलाचे नमुने बीडीव्हीत, म्हणजे ब्रेकडाउन व्होल्टेजच्या चाचणीत, नापास व्हायला लागले. या चाचणीत तेलात दोन इलेक्ट्रोड २.५ मिलिमीटर अंतरावर ठेवून ठिणगी पडेपर्यंत व्होल्टेज चढवतात. तेलात जराशी ओल असली तरी ठिणगी लवकर पडते. साहेबांना संशय तेल पुरवणाऱ्याचा, मेंटेनन्सला फिल्टर मशीनचा, आणि दुसऱ्या पाळीच्या काकांचा मात्र सगळ्यांनाच, कारण नापास नमुने बहुतेक त्यांच्याच पाळीतले.

मी फळ्यावर माशाचा सांगाडा काढला, म्हणजे बिघाडाची संभाव्य कारणं गटागटाने मांडायची आकृती. डोक्याशी ‘बीडीव्ही कमी’ आणि सहा काटे: माणूस, यंत्र, माल, पद्धत, मोजमाप, वातावरण. ‘माणूस’ हां हां म्हणता भरला. तो काटा सगळीकडे आधी भरतो, त्याला खर्च येत नाही ना! ‘मोजमाप’ रिकामा राहिला. टेस्ट किटचं कॅलिब्रेशन नुकतंच झालं होतं, मग तिथे लिहायचं काय?

ही आकृती रूढ करणाऱ्या काओरू इशिकावांनीच जपानात क्वालिटी सर्कलचा, म्हणजे कामातल्या अडचणी स्वतः सोडवणाऱ्या कामगारांच्या छोट्या गटांचाही, पाया घातला. १९६२ पासून तिथे कामगार स्वतः अशा आकृत्या घेऊन बसत. आमच्या मीटिंगला मात्र सगळे केबिनवाले. मी काकांना बोलावून घेतलं. फळा वाचून ते म्हणाले, “ताई, माझं नाव बरोबर लिहिलंत. नमुना कसा घेतो ते कुठे लिहिलंय?”

कुठेच नव्हतं. “मग चला, दाखवा,” म्हटलं.

काकांनी लॅबमधून बाटल्यांचा क्रेट उचलला. धुऊन वाळवलेल्या, पण उघड्या तोंडाच्या. लॅबचा एसी जोरात. शेडमध्ये घामाच्या धारा. टाकीपाशी पोचेपर्यंत काचेवर धुकं धरलं होतं. मी बाहेरून बोट फिरवलं, रेघ उमटली. तरी काच धुरकटच. उरलेली वाफ आतल्या बाजूला होती.

सकाळच्या पाळीचं काय? एसी रात्रभर बंद असायचा, त्यामुळे सकाळी बाटल्या कोमटच. काकांच्या पाळीपर्यंत त्या चांगल्या गार झालेल्या.

एवढ्यावर मी ‘कारण सापडलं’ म्हणणार नव्हते. आकृती संशयितांची यादी देते, गुन्हा सिद्ध करत नाही. म्हणून एकाच टाकीच्या एकाच व्हॉल्व्हमधून, पाठोपाठ, गार बाटलीत आणि शेडमध्ये ठेवलेल्या कोरड्या बाटलीत नमुने भरले. गार बाटलीतला नापास, दुसरा आरामात पास. दुसऱ्या दिवशी बाटल्या अदलाबदल करून सकाळच्या पाळीकडून तेच करवलं, निकाल तोच.

आता बाटल्या ओव्हनमध्ये वाळवून, झाकण लावून शेडमधल्या कपाटात राहतात. झाकण व्हॉल्व्हपाशीच उघडायचं. पुरवठादाराला लिहिलेलं कडक पत्र साहेबांनी ड्रॉवरमधून काढून फाडलं. काकांनी स्वतः डस्टर उचलून फळ्यावरचं आपलं नाव पुसलं आणि विचारलं, “आता मेंटेनन्सवाल्यांचंही पुसू का, की राहू दे थोडे दिवस?”