इंफाळ ते चुराचांदपूर : ‘दोन तास’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका

‘साठ-पासष्ट किलोमीटर, दोन तास,’ असं म्हणून इंफाळच्या हॉटेलवाल्याने माझ्याकडून ७,५०० रुपये घेतले. एका बाजूचे! ३ मे २०२३ ला मणिपूरमध्ये खोऱ्यातले मैतेई आणि डोंगरातले कुकी यांच्यात हिंसाचार पेटला. तेव्हापासून मैतेई ड्रायव्हर चुराचांदपूरला जात नाही, कुकी ड्रायव्हर इंफाळला येत नाही. दोन्ही बाजूंना वेगळं ठेवणाऱ्या मधल्या बफर झोनमधून ये-जा करतात ते पांगल, म्हणजे तिथले मुसलमान ड्रायव्हर. यातले दीड हजार हॉटेलवाल्याचे, हे मला त्या ड्रायव्हरनेच क्वाक्ता हे वाटेतलं पांगलांचं गाव ओलांडल्यावर सांगितलं. तुम्ही क्वाक्तातच थेट गाडी ठरवा.

बाहेरच्यांना मणिपूरमध्ये शिरायला लागणारं इनर लाइन परमिट विमानतळावर मिळतं, त्याची काळजी नको. काळजी करा ती मोइरांगच्या पुढच्या तुकड्याची. तोरबुंग, कांगवाई, जळकी घरं, आणि दर थोड्या अंतरावर नाक्यावर बॅग उपसणं. मला तेवढ्यालाच पावणेतीन तास लागले.

जवानांचं सोडा, ते ओळखपत्र बघतात आणि सोडतात. खरी तपासणी बायकांची. खोऱ्यात मैरा पाइबी, म्हणजे मैतेई बायकांचे गट, पलीकडे कुकी बायका. आडनाव विचारतात. मराठी आडनाव कुठल्याच बाजूचं नाही, हाच आपला पास. पण एका इमाने (मैतेईत इमा म्हणजे आई) माझी वही उघडली. त्यात मोइरांगच्या विस्थापितांच्या छावणीतल्या अकरा जणींच्या हकिगती, खऱ्या नावांसकट, देवनागरीत. तिला हिंदी वाचता येत होतं. मोडी शिकले असते तर बरं झालं असतं! ती एका पानावर थांबली, माझ्याकडे पाहिलं, वही मिटून परत दिली. मला अजून कळलेलं नाही तिने काय वाचलं.

तेव्हा वहीत नाव, गाव, छावणी लिहायची नाही. नुसता आकडा लिहा. फोनमधले एका बाजूचे नंबर दुसरीकडे जाण्याआधी काढा. इंफाळचा दुभाषा सोबत न्यायचा विचारही नको, जिवावर बेतेल; तिकडे तिकडचा शोधा. पलीकडे गेल्यावर गावाला तिथल्यांसारखं ‘लमका’ म्हणा, ‘चुराचांदपूर’ म्हटलं की चेहरे बदलतात. हिवाळ्यात साडेचारला अंधार पडतो, सकाळी सहाला निघा.

दोन्हीकडच्या बायकांना एका दिवसात भेटून परत, हा बेत मूर्खपणाचा. फक्त लमका करायचं असेल तर आयझॉलकडून जा. मी परत तशीच आले : मिझोरमचं वेगळं परमिट, सुमोत पंधरा तास, कंबरेचा भुगा. पण वही कुणी उघडली नाही. पुढची सीट आदल्या दिवशीच पैसे देऊन धरा, मागे बसाल तर रडाल.