गहाळ की चोरी?

दादरला गाडीत चढताना ढकलाढकली झाली, ती रोजचीच. घाटकोपर गेल्यावर ओली छत्री पर्समध्ये कोंबायला गेले, तेव्हा कळलं की पुढची चेन उघडी आहे. फोन नाही. तेच तीन कप्पे चार-चारदा चाचपले. शेजारच्या ताई म्हणाल्या, "नंबर सांगा, रिंग देते." दोनदा वाजला. तिसऱ्यांदा स्विच ऑफ.

त्यांच्याच फोनवरून नवऱ्याला लावला. त्याचा नंबर पाठ आहे तो केवळ मुलीच्या शाळेचे फॉर्म मी भरते म्हणून. नाहीतर मला माझ्या आईचाही नंबर येत नाही. त्याला म्हटलं, आधी सिम बंद कर, मग बँकेला सांगून यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करायला लाव. कस्टमर केअरनं माझी जन्मतारीख आणि शेवटचा रिचार्ज कितीचा ते विचारलं. रिचार्ज तोच मारतो, म्हणून निभावलं. चेन उघडी दिसल्यापासून सिम बंद होईपर्यंत पाऊण तास गेला असेल.

मधल्या एका स्टेशनवर उतरले. पासही फोनमधल्या यूटीएस अ‍ॅपमध्ये, म्हणजे त्या घडीला मी चक्क विनातिकीट होते. टीसी दिसला असता तर काय सांगितलं असतं, देव जाणे.

गाडीतली चोरी लोहमार्ग पोलिसांकडे जाते. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी आधीच छापलेला एक फॉर्म पुढे सरकवला. वर लिहिलं होतं : "माझा मोबाईल गहाळ झाला आहे." मी म्हटलं, "गहाळ नाही झाला, चोरला. चेन उघडलीय."

"तुम्ही चोर बघितला का मॅडम?"

"नाही."

"मग?"

हे "मग?" पुढचा तासभर चाललं. मग हद्द निघाली. दादरला चोरलं की कुर्ल्याला, ते मी कुठून सांगणार? पण १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली होती आणि तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी खबर नोंदवून घ्यावी लागते. कायदा नवीन होता, तीन आठवडेच झाले होते, आणि आमच्या ऑफिसात त्यावर व्याख्यान झालेलं, म्हणून हे मला ठाऊक. एरवी मी तो फॉर्म भरून घरी गेले असते.

शेवटी एका महिला कॉन्स्टेबलनं मला बाजूला घेतलं. "ताई, चोरी लिहू, हरकत नाही. पण मग फोन सापडला तर तो मुद्देमाल होतो. कोर्टातून सोडवावा लागेल. गहाळ असेल तर इथूनच देतात." तासाभरात कुणी हे सांगितलं नव्हतं. चिडले होते, तरी तिचं म्हणणं पटलं. पण गहाळ लिहिलं की चूक माझी, विसरभोळी मी, आणि दादरच्या गर्दीत पर्सा उघडणारा तो माणूस कागदावर उरतच नाही. मी चोरीच लिहायला लावली. टंकणाऱ्या हवालदारांची बोटं सवयीनं जुन्या दंडसंहितेतल्या चोरीच्या कलमावर, ३७९ वर गेली. मग मागे येऊन त्यांनी भारतीय न्याय संहिता कलम ३०३(२) टाइप केलं. एफआयआरची प्रत फुकट मिळते. मी मागून घेतली.

तिनंच जाता जाता विचारलं, "स्क्रीनला लॉक होतं ना?"

"हो, फिंगरप्रिंट."

तिनं स्वतःच्या फोनचं सिम पिनेनं बाहेर काढलं, टेबलावरच्या साध्या डबड्या फोनमध्ये घातलं आणि मला म्हणाली, "आता माझा ओटीपी कुठे येणार?" मी गप्प. स्क्रीनच्या कुलपाचा सिमशी काही संबंध नाही. सिमला स्वतःचा पिन असतो, सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावा लागतो. तीनदा चुकला की पीयूके नावाचा आठ आकडी नंबर मागतो. इतक्या वर्षांत मी तो सुरू केलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी डुप्लिकेट सिम मिळालं. आता सुटले असं वाटलं, तर नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएसच येत नाहीत. चोरानं तुमच्या नावावर सिम काढलं तर त्याला ओटीपी मिळू नये म्हणून. सोय रास्त आहे, पण तो दिवस मी कुणीच नव्हते. बँक म्हणे ओटीपी टाका. गूगल म्हणे, तुमच्या फोनवर सूचना पाठवलीय, तिथे 'हो' दाबा. अहो, तोच फोन चोराकडे आहे!

गूगलमध्ये शिरायचं होतं ते आयएमईआयसाठी. फोनची स्वतःची ओळख असलेला हा १५ आकडी नंबर *#०६# दाबलं की फोनवरच दिसतो, पण त्यासाठी फोन हातात हवा. बिल दुकानदारानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं. ते गेलं फोनबरोबर. शेवटी माळ्यावर फोनचा खोका सापडला, आत दिवाळीची लाइटची माळ. खोक्याच्या बुडावर बारकोडखाली दोन आयएमईआय, कारण सिम दोन.

मग संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरच्या सीईआयआर या हरवल्या-चोरलेल्या फोनच्या नोंदवहीत अर्ज केला : दोन्ही नंबर, एफआयआरची प्रत, ओळखपत्र, आणि ओटीपी, जो एव्हाना येऊ लागला होता. ही सोय महाराष्ट्रात २०१९ पासून आहे, सगळ्या देशात मे २०२३ पासून. नंबर काळ्या यादीत गेला की कुठल्याच कंपनीचं सिम त्या फोनमध्ये चालत नाही, आणि कुणी घालून बघितलं तर खबर पोलिसांकडे जाते. अर्ज केल्यावर मिळालेला रिक्वेस्ट आयडी नवऱ्यानं मार्करनं त्याच खोक्यावर लिहून ठेवला. मी हसले होते.

नोव्हेंबरात फोन आला : सापडलाय. परजिल्ह्यातल्या एका मुलानं सेकंडहँड म्हणून घेतलेला, रोख पैसे देऊन, बिलाशिवाय. घेण्याआधी त्यानं केवायएम लिहून पुढे आयएमईआय टाकून १४४२२ ला एसएमएस केला असता तर फोन काळ्या यादीत आहे हे त्याला कळलं असतं. त्याचेही पैसे गेलेच.

आणि मग कॉन्स्टेबलताईंचं बोलणं खरं झालं. वकील, मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज, बिलाची दुकानातून आणलेली दुसरी प्रत, 'कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन' असं बंधपत्र, दोन तारखा, दोन रजा. त्याच सुमारास एका समारंभात पोलिसांनी कितीतरी लोकांना गहाळ फोन परत दिल्याचा फोटो पेपरात होता. प्रत्येकाच्या हातात फोन आणि चेहऱ्यावर हसू. मी तो फोटो जरा जास्तच वेळ बघितला.

फोन हाती आला तेव्हाही ब्लॉकच होता. सोडवायला रिक्वेस्ट आयडी लागतो. खोका पुन्हा काढला.

तोवर मी नवा घेतला होता, म्हणून हा सासूबाईंना दिला. त्यांच्या सिमला पिनही घालून दिला, का ते नीट समजावून. परवा बघितलं तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी, त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय : 'सिमचा पिन', आणि पुढे चारही आकडे.